भुयार सार्वजनिक, लाभ खाजगी

कफ परेडपासून आरेपर्यंत मुंबईच्या पोटातून धावणारा साडेतेहतीस किलोमीटरचा मेट्रो मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये अखेर पूर्ण झाला. २७ स्थानके, त्यांपैकी २६ जमिनीखाली. बोगदे खोदण्यासाठी सतरा प्रचंड यंत्रे. वर गिरगाव-काळबादेवीच्या जीर्ण चाळी, खाली पाणी आणि खडक. अशा शहराखालून वाट काढणे ही अभियंत्यांची आणि भुयारात वर्षानुवर्षे राबलेल्या, दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या कंत्राटी मजुरांची करामत आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु उद्घाटनाचे ढोल थांबल्यावर जे प्रश्न विचारले जायला हवे होते ते मात्र विचारले गेले नाहीत. हा मार्ग कोणाच्या पैशाने झाला? त्यातून प्रवास करणे कोणाला परवडते? आणि ज्या जमिनींच्या किमती त्याच्या नुसत्या आखणीने वाढल्या, त्या वाढीवर कोणाचा हक्क?

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मेट्रो म्हणजे श्रीमंतांचे खेळणे, कष्टकऱ्यांना तिचे काय, असे म्हणणारे काही लोक पुरोगामी गोटातही आहेत. हा विचार वरवर जहाल वाटला तरी मुळात प्रतिगामी आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारात लोंबकळणारे प्रवासी रुळांवर फेकले गेले आणि त्यांतील काहींचा प्राण गेला. ते हौसेने लोंबकळत नव्हते. आत उभे राहायला जागा नव्हती आणि कामावर उशिरा पोहोचले तर मजुरी कापली जाणार होती. ज्या शहरात कामाला जाणे हाच जिवाशी खेळ झाला आहे, तेथे श्रमिकांना वेगवान, सुरक्षित आणि गारव्याच्या प्रवासाचा हक्क नाही, असे समाजवाद्याने म्हणावे हे शोभत नाही. मेट्रो हवीच. वाद आहे तो ती कोणाच्या हिशेबाने चालावी याचा.

आता हा हिशेब पाहू. या मार्गाचा मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता. तो वाढत वाढत ३७,२७६ कोटींवर गेला. म्हणजे सुमारे ६१ टक्के वाढ. दर किलोमीटरला अकराशे कोटींहून अधिक रुपये पडले. मूळ खर्चाच्या निम्म्याहून अधिक रक्कम जपानच्या सरकारी संस्थेकडून कर्जाऊ घेण्याची योजना होती. उरलेला भार प्रामुख्याने केंद्र व राज्य सरकारांचा, म्हणजेच काडेपेटीवरही कर भरणाऱ्या जनतेचा. कर्ज स्वस्त आहे, मुदत लांब आहे, असे सांगितले जाते. ते खरेही आहे. पण स्वस्त कर्जही फेडावेच लागते आणि ते फेडणारी पिढी अद्याप शाळेत आहे.

अर्थशास्त्राचा पहिला धडा असा की, एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी सोडून दिलेली दुसरी गोष्ट होय. विजेवर चालणाऱ्या मोठ्या बसची किंमत दोन कोटी धरली, तरी या भुयाराच्या एका किलोमीटरच्या खर्चात साडेपाचशे बस येतात. म्हणून भुयार खोदूच नये, असा याचा अर्थ नव्हे. बस आणि भुयारी रेल्वे यांची कामे निराळी आहेत. दादर-वरळीच्या गर्दीत नुसत्या बस वाढवून भागणार नाही. परंतु ज्या शासनाला एका मार्गासाठी सदतीस हजार कोटी उभे करता येतात, त्याच शासनाने ‘बेस्ट’साठी पैसा नाही असे म्हटले, तर ते म्हणणे गरिबीचे लक्षण मानता येत नाही, ती निवड आहे.

आणि ही निवड किती उघडी आहे, ते एका तारखेने दाखवून दिले. ९ मे २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुल ते आचार्य अत्रे चौक या टप्प्याचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले. त्याच दिवसापासून ‘बेस्ट’चे किमान भाडे साध्या बसला पाच रुपयांवरून दहा आणि वातानुकूलित बसला सहावरून बारा झाले. एका हाताने फीत कापली आणि दुसऱ्या हाताने खिसा! शहरातील मोलकरीण, रोजंदारीचा मजूर, शाळकरी मूल यांच्या प्रवासाचा खर्च एका रात्रीत दुप्पट झाला.

‘बेस्ट’ ही काही उपऱ्यांची संस्था नव्हे. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा सारा कारभार खाजगी कंपनीकडून महानगरपालिकेच्या मालकीचा झाला. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. रस्त्यावर मोटारींना अडथळा नको म्हणून रूळ उखडले गेले. आज जगातील शहरे तीच ट्राम ‘लाइट रेल’ या नव्या नावाने पुन्हा बसवत आहेत. ट्राम गेली तरी बस होती, आणि वीजपुरवठ्याच्या व्यवसायातील वरकड बसच्या तुटीकडे वळत असे. ही वाट पुढे बंद करण्यात आली. एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेला ताफा २०२५ पर्यंत तीन हजारांच्या खाली आला, आणि त्यातही स्वतःच्या मालकीच्या बस हजारही उरल्या नाहीत. बाकीच्या कंत्राटदारांच्या, चालक त्यांचे, पगार त्यांच्या मर्जीचे. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला तो या ऱ्हासाची चाहूल लागल्यामुळेच. मेट्रो स्थानकाच्या दारापर्यंत माणसाला नेणारी बसच जर नाहीशी झाली, तर मेट्रोही ओस पडेल, ही साधी गोष्ट नियोजनकारांना समजत नाही असे नाही. त्यांना तिची निकड वाटत नाही, एवढेच. रोज तेरा लाख प्रवाशांची अपेक्षा बाळगून आखलेल्या या मार्गावर, तो पूर्ण खुला झाला त्या दिवशी सुमारे दीड लाख माणसांनी प्रवास केला. एका दिवसावरून निकाल देणे न्याय्य नाही. परंतु अपेक्षा आणि वास्तव यांतील हे अंतर भाड्याकडे न पाहता समजणार नाही.

भाडे दहा रुपयांपासून सत्तर रुपयांपर्यंत आहे. दरमहा पंधरा हजार मिळवणारा एखादा सुरक्षारक्षक या टोकापासून त्या टोकापर्यंत रोज गेला-आला, तर दिवसाला १४० रुपये आणि महिन्याच्या पंचवीस पाळ्यांचे ३,५०० रुपये होतात. म्हणजे वेतनाचा जवळजवळ चौथा हिस्सा. उपनगरी रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास तेवढ्याच अंतरासाठी काहीशे रुपयांत मिळतो. मग हा रक्षक कोठे जाईल? तो लोकलच्या दारातच लोंबकळत राहील. भुयार त्याच्या पायाखाली असेल, पण त्याच्यासाठी नसेल. ज्याच्या जिवाच्या नावाने हा प्रकल्प मंजूर करून घेतला, नेमका तोच त्याच्या बाहेर राहील.

यावर ठरलेले उत्तर असे की, भाडे कमी केले तर तोटा होईल, कर्ज कसे फेडणार? येथेच सारी मेख आहे. मेट्रोचा लाभ फक्त तिच्यात बसणाऱ्याला होतो, हे गृहीतच चुकीचे आहे. सर्वांत मोठा लाभ होतो तो स्थानकाशेजारी ज्याची जमीन आहे त्याला, आणि त्यासाठी त्याला तिकीटही काढावे लागत नाही. रिकार्डोने दोनशे वर्षांपूर्वी जमिनीच्या खंडाचा जो सिद्धान्त मांडला त्याचे सार हेच की, समाज पुढे गेला की जमीनमालक झोपेतही श्रीमंत होतो. हा मार्ग कोठून जातो ते पाहावे. वरळी, महालक्ष्मी, दादर: हे गिरणगाव आणि त्याचा शेजार. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि उद्ध्वस्त झाले. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींचा मोठा हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी राखला होता. २००१ मध्ये नियम बदलून तो हिस्सा आक्रसला गेला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलावर शिक्कामोर्तब केले. चिमण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. आता त्याच मनोऱ्यांच्या पायथ्याशी सरकारी खर्चाने भुयारी स्थानक आले. कामगाराचा नातू वसई-विरार, कल्याण-अंबरनाथला फेकला गेला आहे. तो या स्थानकावर उतरेल तो मनोऱ्यातील उद्वाहन चालवण्यासाठी.

या अनर्जित वाढीतून शासनाने काहीच घेतले नाही, असे नाही. पण कोणाकडून घेतले? एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार पुन्हा लागू झाला. म्हणजे मेट्रोपासून मैलोन्‌मैल दूर, आयुष्यभराची पुंजी मोडून खुराड्याएवढे घर घेणाराही तो भरतो; आणि स्थानकाला लागून असलेली जमीन दडवून भाव वाढण्याची वाट पाहणारा, खरेदीखत होईपर्यंत, एक छदामही देत नाही. कर असावा तो घर घेणाऱ्याच्या गरजेवर नव्हे, जमीन धरून ठेवणाऱ्याच्या वाढीवर. ही काही साम्यवादी राष्ट्रांची युक्ती नाही. हाँगकाँगसारख्या भांडवलशाहीच्या पंढरीतही रेल्वेचा खर्च स्थानकांलगतच्या जमिनीच्या विकासातून मोठ्या प्रमाणावर वसूल केला जातो, आणि त्या रेल्वेचा मोठा भागीदार तेथील सरकार आहे.

काही साथी असा युक्तिवाद करतात की, हा मार्ग निदान सार्वजनिक क्षेत्रात आहे. केंद्र आणि राज्य यांची निम्मी-निम्मी भागीदारी असलेल्या कंपनीचा आहे. मग तक्रार कशाला? सार्वजनिक मालकीचे महत्त्व कोणी नाकारत नाही. वर्सोवा-घाटकोपर हा मुंबईचा पहिला मेट्रो मार्ग खाजगी भागीदारीने झाला. करारात नऊ ते तेरा रुपये भाडे लिहिलेले होते; २०१४ मध्ये गाडी सुरू झाली आणि पुढे भाडे दहा ते चाळीस रुपये झाले. मार्च २०२४ मध्ये तर खाजगी भागीदाराचा हिस्सा सुमारे चार हजार कोटींना सरकारने विकत घ्यावा असा निर्णय मंत्रिमंडळाने केला आणि काही महिन्यांत तोच निर्णय मागेही घेतला. नफा झाला तर कंपनीचा आणि अंगाशी आले तर जनतेचा, हा खाजगी भागीदारीचा धडा विसरता कामा नये. परंतु मालकी सरकारची आणि मन व्यापाऱ्याचे, असे सार्वजनिक क्षेत्रही फारसे उपयोगाचे नाही. नव्या मार्गावरील काही स्थानकांच्या नावांना कंपन्यांची नावे जोडण्याचा हक्क विकण्यात आला. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी आपली वाणी आणि लेखणी झिजवली त्या आचार्य अत्र्यांच्या नावाचा चौकही या बाजारातून सुटला नाही. आणि त्याच स्थानकात, प्रवाशांसाठी खुले होऊन सोळा दिवस होतात न होतात तोच, २६ मे २०२५ च्या पावसाचे पाणी शिरले. जाहिरातीला जागा सापडते, पाण्याला वाट सापडत नाही!

दोष सरकारचाच आहे असे म्हणून मोकळे होता येणार नाही. चळवळीनेही आरशात पाहिले पाहिजे. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री उच्च न्यायालयाचा निकाल लागताच आरेत करवती चालल्या आणि दोन हजारांहून अधिक झाडे पडली. सर्वोच्च न्यायालयाने दखल घेऊन स्थगिती दिली तेव्हा तोडायचे फारसे उरले नव्हते. २०२३ मध्ये परवानगीपेक्षा अधिक झाडे तोडू पाहिल्याबद्दल त्याच न्यायालयाने मेट्रो कंपनीला दहा लाखांचा दंड केला. त्या रात्री अटक पत्करणाऱ्या तरुणांचे धैर्य वंदनीय आहे. पण पुढील तीन वर्षे सारे राजकारण कारशेड आरेत की कांजूरमार्गला याच खुंट्याभोवती फिरत राहिले. सरकारे बदलली, कारशेड इकडून तिकडे आणि पुन्हा इकडे आले. या काळात तिकीट किती असेल, बस कोठे जोडली जाईल, जमिनीची वाढ कोणाकडे जाईल, हे प्रश्न एकाही मोर्चाच्या फलकावर ठळकपणे आले नाहीत. झाडांसाठी मध्यमवर्ग उभा राहिला. भाड्यासाठी श्रमिकांना उभे करणे हे ज्यांचे काम होते, ते त्या गर्दीत मागे उभे राहिले.

आता मार्ग झाला आहे. तो बुजवता येणार नाही आणि बुजवूही नये. तो हिसकावून घ्यावयाचा आहे. लोकल, मेट्रो आणि बस यांचा एकच मासिक पास आणि त्याला श्रमिकाच्या वेतनाशी बांधलेली मर्यादा, एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत शहराच्या वाहतुकीतही, ‘बेस्ट’चा ताफा स्वतःच्या मालकीचा आणि कामगार कायम, स्थानकांलगतच्या जमिनींच्या मूल्यवाढीवर कर आणि त्या कराचा पैसा भाडे खाली ठेवण्यासाठी: या चार मागण्या कोणत्याही वस्तीत, कोणत्याही नाक्यावर पाच मिनिटांत समजावून सांगता येतात. पुणे, नागपूर आणि ठाण्यातील कार्यकर्त्यांनाही त्या परक्या वाटणार नाहीत. तेथेही खांब उभे राहिले आहेत आणि जमिनीचे भाव त्यांच्याआधी उभे राहिले आहेत.

तेव्हा मेट्रोच्या बाजूने की विरुद्ध, या वांझ वादात कार्यकर्त्यांनी आणखी वर्षे घालवू नयेत. ज्या सुरक्षारक्षकाला सत्तर रुपये परवडत नाहीत, तो उद्या सकाळीही लोकलच्या दारात उभा असणार आहे. त्याला आत घेणे, हीच या भुयाराची खरी कसोटी आहे. आणि ती पार पाडण्याची जबाबदारी रेल्वेच्या अभियंत्यांवर नव्हे, चळवळीवर आहे.