शेतात दफनभूमी सापडते तेव्हा

लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत प्राचीन डीएनएची प्रयोगशाळा आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या मानवी हाडांतून जनुकीय द्रव्य वेगळे करण्याचे काम तिथे चालते. अशा प्रयोगशाळेतून एखादा निष्कर्ष बाहेर पडला की तो राष्ट्रीय बातमी होतो. वाहिन्यांवर दोन दिवस चर्चा रंगते. ते हाड ज्या जमिनीतून आले तिचा उल्लेख बातमीत एका ओळीपुरताच असतो. वस्तुतः भारतातील कित्येक प्राचीन दफनभूमी आज कुणाच्या तरी कसत्या शेताखाली आहेत, आणि विज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक घटका प्रयोगशाळेत येत नाही. ती नांगराचा फाळ किंवा फावड्याचे पाते कवटीला लागते तेव्हा येते. त्या घटकेला तिथे शास्त्रज्ञ नसतो. तिथे असतो शेतकरी आणि त्याचे कुटुंब.

उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यातले सिनौली हे याचे ठळक उदाहरण. 2005 साली तिथे शेत सपाट करताना मानवी सांगाडे आणि मातीची भांडी वर आली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन हाती घेतले आणि शंभरहून अधिक दफने उजेडात आली. मृतांची डोकी उत्तरेला, पाय दक्षिणेला, जवळ मांडलेली भांडी. तांब्याची एक तलवार तिच्या म्यानासह मिळाली. 2018 मध्ये त्याच परिसरात पुन्हा खोदकाम झाले, तेव्हा तांब्याच्या पत्र्याने मढवलेल्या, पाय असलेल्या लाकडी शवपेट्या आणि भरीव चाकांची वाहने सापडली. काळ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. मग देशभर एकच वाद पेटला: हे रथ की बैलगाड्या? प्रश्न गैरलागू नाही. चाकांना आरे नाहीत आणि घोड्याची हाडेही मिळालेली नाहीत, याची दखल घ्यावीच लागते. परंतु त्या गदारोळात शवपेटीतील माणूस मात्र वाहनाचे परिशिष्ट होऊन बसला. कुणीतरी त्याला काळजीपूर्वक निजवले होते, उशाशी भांडी ठेवली होती, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

सिनौलीच्या पाच वर्षे आधी त्याच राज्यात, मुझफ्फरनगर जिल्ह्यातील मांडी गावी, एका शेतात माती काढताना सोन्याचे प्राचीन दागिने मिळाले होते. बातमी पसरताच गाव लोटले आणि बराचसा ऐवज घरोघरी गेला. काही भाग पोलिसांनी परत मिळवला. परंतु कोणता दागिना कोणत्या थरातून, कशाच्या शेजारून निघाला, ही माहिती कायमची नाहीशी झाली. गावकऱ्यांना लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण भूमिगत वस्तूंविषयीची कायद्याची पहिली भाषासुद्धा गुप्तधनाचीच आहे. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे तो सांगतो. मूळ धनी न मिळाल्यास शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा किती, हेही ठरवून देतो. हाडाची किंमत दहा रुपये तरी होते का? त्या कायद्याच्या तराजूत मृत माणूस बसतच नाही. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यातील पुरावस्तूच्या व्याख्येत नाणी, मूर्ती, हस्तलिखिते, शिलालेख अशी यादी आहे. मानवी अवशेषांचा वेगळा उल्लेख नाही. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू या व्यापक शब्दांत हाडे सामावून घेता येतात हे खरे. पण वस्तू म्हणूनच.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. कार्बन-14 चा अर्धायुष्यकाल 5,730 वर्षे आहे. चार हजार वर्षांनंतर मूळ प्रमाणाचा सुमारे 62 टक्के भाग शिल्लक राहतो. मोजण्याइतका तो भरपूर आहे. अडचण वेगळीच आहे. हाडाचे वय काढायचे तर त्यातील कोलॅजेन हे प्रथिन टिकलेले असावे लागते, आणि गंगा-यमुनेच्या उष्ण, कधी ओल्या कधी कोरड्या मातीत ते झपाट्याने नष्ट होते. डीएनएचे तर विचारूच नये. उष्णता आणि पाणी हे त्याचे जन्मजात वैरी. राखीगढीच्या संशोधनाचा आकडा या दृष्टीने बोलका आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथील दफनभूमीचे उत्खनन केले. तेथील 61 नमुन्यांपैकी जनुकीय विश्लेषणाला पुरेल इतका डीएनए केवळ एका स्त्रीच्या अवशेषांतून मिळाला. त्या एकीवर आधारलेला शोधनिबंध 2019 च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला.

म्हणूनच पहिल्या तासातील वर्तनाला इतके मोल आहे. कुतूहलाने हाड उचलले की हाताच्या घामातून आजच्या माणसाचा डीएनए त्यावर चढतो. स्वच्छ दिसावे म्हणून पाण्याने धुतले की उरलेसुरलेही जाते. सांगाडा जागचा हलला की त्याची दिशा, त्याच्या शेजारचे भांडे, त्यावरचा मातीचा थर, सगळे संदर्भ तुटतात. हात लावू नये, धुऊ नये, जमल्यास दुरून छायाचित्र घ्यावे, सैल मातीने वा कापडाने झाकावे आणि कळवावे: प्रयोगशाळेला शेतकऱ्याकडून हवे ते एवढेच. खेड्यातील एखादी आजीही दुसरे काय सांगेल? झाकून ठेवा रे बाबांनो, कुणाचे तरी माणूस आहे. श्रद्धेची आणि विज्ञानाची आज्ञा इतकी तंतोतंत जुळण्याचे प्रसंग थोडे असतात. तरीही जनजागृतीच्या नावाखाली लोकांच्या भीतीची टिंगल करण्याचीच सवय अनेक विज्ञानप्रेमींना आहे.

आदराचा प्रश्न शेतकऱ्यापाशी संपत नाही. कानाच्या आतल्या भागाला वेढणारे कवटीतील अतिशय घट्ट हाड डीएनए टिकवण्यात सर्वांत सरस ठरते. ते मिळवायचे तर भोक पाडून भुकटी करावी लागते, आणि भुकटी केलेले हाड परत जोडता येत नाही. उद्या याहून सूक्ष्म तंत्र येईल. त्या दिवसासाठी काही हाडे शिल्लक ठेवणे हा संयम आजच्या संशोधकाने दाखवला पाहिजे. प्रकाशनाच्या शर्यतीत तो दाखवणे अवघड असते हे मान्य करूनही. लखनौच्या या संस्थेच्या आवारातच तिचे संस्थापक बिरबल साहनी यांची समाधी आहे. 3 एप्रिल 1949 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली आणि आठवड्याभरातच, 10 एप्रिलला, साहनी गेले. तिथे येणाऱ्या विद्यार्थ्याला मृत्यूनंतरचा सन्मान काय असतो हे वेगळे शिकवावे लागू नये.

मृतांवर हक्क कोणाचा, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने मूलनिवासी जमातींना पूर्वजांचे अवशेष परत मागण्याचा अधिकार दिला. 1996 मध्ये कोलंबिया नदीकाठी सापडलेल्या केनेविक मानवावरून शास्त्रज्ञ आणि जमाती वर्षानुवर्षे न्यायालयात भांडले; 2015 मध्ये डीएनएने जमातींशी असलेले नाते दाखवले आणि 2017 साली त्याचे पुन्हा दफन झाले. हा नमुना भारतात जसाच्या तसा चालणार नाही. चार हजार वर्षे म्हणजे सुमारे दीडशे पिढ्या. एवढ्या पिढ्यांत प्रत्येकाच्या पूर्वजांची गणिती संख्या तेव्हाच्या जगाच्या लोकसंख्येला कितीतरी पटींनी ओलांडते. अर्थात तीच माणसे असंख्य वंशावळींत पुन्हापुन्हा येतात. भारतातील निरनिराळ्या समूहांची मोठी सरमिसळ सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात झाली, असे 2013 च्या एका जनुकीय अभ्यासाने दाखवले. सिनौलीचे मृत त्या कालखंडाच्या उंबरठ्यावरचे. त्यांना एका जातीचे, एका प्रांताचे वा एका पक्षाचे पूर्वज ठरवणाऱ्यांनी आधी हे गणित करून पाहावे. वारस सांगता येत नसेल तर मृताला सर्वांत जवळचा कोण? ज्याच्या बांधाच्या आत तो आहे तो शेतकरी. उत्तर प्रदेशातील खतौनीवर किंवा महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे, त्याला या मृतांचा यजमान मानावे.

प्रत्यक्षात मात्र त्याला संशयित मानले जाते. स्थळ संरक्षित झाले की मालकी त्याचीच राहते, पण परवानगीशिवाय बांधकाम वा खोदकाम करता येत नाही. शेतीलाही सवलत आहे ती फूटभर खोलीपुरती. 2010 च्या दुरुस्तीनंतर भोवतालच्या शंभर मीटरांत बांधकामास मनाई आणि पुढच्या दोनशे मीटरांत नियंत्रण आले, म्हणजे शेजाऱ्यांचीही नाराजी ओढवली. थोरल्या मुलासाठी दोन खोल्या बांधायच्या आहेत, विहीर खोल करायची आहे, अशा कुटुंबाने सांगाडा दिसताच गुपचूप माती लोटली तर त्याला अज्ञान म्हणता येईल का? तो सरळ हिशेब आहे. त्याच कायद्याच्या कलम 27 मध्ये उत्खननामुळे झालेल्या नुकसानीची आणि घटलेल्या उत्पन्नाची भरपाई देण्याची तरतूद आहे. शोध लागताच, पहिली चर खणण्याआधी, ही भरपाई ठरली आणि दिली गेली, तर लपवाछपवीचे अर्धे कारण नाहीसे होईल. एका हंगामाच्या उसाची किंमत प्रयोगशाळेतील एका यंत्राच्या तुलनेत नगण्य आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. शिरूरजवळच्या इनामगावात ताम्रपाषाणयुगातील लोक मेलेल्या तान्ह्या मुलांना दोन रांजणांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखालीच पुरत. घरातले मूल घरातच ठेवत. प्रौढांचे पाय घोट्यापाशी तोडून त्यांना पुरत, ते का, यावर तर्क आहेत. आणि विदर्भात नागपूरभोवती जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड, टाकळघाट-खापा येथे लोहयुगातील शिळावर्तुळे आहेत. मोठमोठे दगड वर्तुळात मांडलेली ही दफने. माहुरझरीला माणसांबरोबर घोडेही पुरलेले मिळाले, तांब्याच्या साजासह. एकट्या जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. सिनौलीची दफने जमिनीखाली दडलेली होती. ही तर डोळ्यांसमोर उभी आहेत, म्हणून त्यांना धोका अधिक. नांगराच्या आड येणारा दगड बांधावर नेऊन टाकणे ही शेतकऱ्याची साधी रीत, आणि चार दगड हलले की वर्तुळ वर्तुळ राहत नाही. नांगरटीचे दिवस सुरू होण्यापूर्वी त्या गावांच्या तलाठी कार्यालयात, पीकविम्याच्या सूचनेशेजारी, पुरातत्त्व खात्याचा दूरध्वनी क्रमांक आणि कलम 27 चा मराठी मजकूर ठळक अक्षरांत लावायला दोन कागद आणि चार टाचण्या लागतील.