झिजलेल्या प्रूफ डॉलरचे मोल कसे ठरवावे?

१/ आजचा थ्रेड एका नाण्याविषयी आहे. सन १८९५, फिलाडेल्फियाची टांकसाळ, चांदीचा एक डॉलर. दर्शनी बाजूवरील स्वातंत्र्यदेवीचे केस झिजून सपाट झालेले, पाठीवरील गरुडाच्या छातीची पिसे पुसट झालेली. मूळचे हे नाणे ‘प्रूफ’, म्हणजे संग्राहकांसाठी मुद्दाम पाडलेले. पण आज त्याचा दर्जा अगदी खालचा. प्रश्न एवढाच : याची किंमत किती? माझे मत आधीच सांगून टाकतो. दर्जाच्या आकड्यावरून या नाण्याचा भाव काढू पाहणारा मनुष्य हमखास चुकतो. ही चूक समजून घेतली, तर नाणेशास्त्र आणि नाणेबाजार यांतील अंतरही ध्यानात येते.

२/ प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘प्रूफ’ हा दर्जा नाही. ती नाणे पाडण्याची पद्धत आहे. ठसे घासूनपुसून आरशासारखे करायचे, कोऱ्या चकत्याही निवडून चकचकीत करायच्या आणि जड दाबयंत्राखाली एकेक नाणे सावकाश छापायचे. बाजारात फिरण्यासाठी ही नाणी नसत. टांकसाळ ती संग्राहकांना दर्शनी मूल्याहून अधिक पैसे घेऊन विकत असे. म्हणून प्रूफ नाणे कितीही झिजले तरी ते प्रूफच राहते. जन्म बदलत नाही, अवस्था बदलते.

३/ आता हेच वर्ष का? जॉर्ज मॉर्गन या कोरक्याने घडवलेला हा डॉलर १८७८ पासून पाडला जाऊ लागला. वजन २६.७३ ग्रॅम, चांदी ९० टक्के. टांकसाळीच्या नोंदवहीत १८९५ साली फिलाडेल्फियाला १२,००० साधे डॉलर आणि ८८० प्रूफ डॉलर पाडल्याची नोंद आहे. त्या १२,००० पैकी निर्विवाद अस्सल असे एकही नाणे आजवर पुढे आलेले नाही. कोणी म्हणतात, ती सगळी पुढे वितळवली गेली. कोणी म्हणतात, ती आदल्या सालच्या ठशांनीच पाडली गेली असावीत. कारण कोणतेही असो, संग्राहकापुढे उरतात ती फक्त ८८० प्रूफ नाणी, आणि त्यांतली जी काळाच्या तडाख्यातून वाचली तेवढीच.

४/ मग जपण्यासाठी घेतलेले नाणे झिजले कसे? उत्तर माणसाच्या अडचणीत आहे. १८९३ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेत अनेक वर्षे मंदी होती. प्रूफ डॉलर हाही कायद्याने एक डॉलरच. घरात पैशाची चणचण असली, किंवा वारसाला त्याचे महत्त्व ठाऊक नसले, की तो दुकानाच्या गल्ल्यात जाई. काही नाणी वर्षानुवर्षे कोणाच्या तरी खिशात किल्ल्यांबरोबर खुळखुळत राहिली. हे झिजणे म्हणजे नाण्याने प्रत्यक्ष जगलेले आयुष्य होय.

५/ दर्जाचा आकडा आला कुठून? डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या आरंभीच्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. नाणे जेमतेम ओळखू येत असेल तर १, निर्दोष असेल तर ७०. पुष्कळांना ठाऊक नसते की ही मोजपट्टी मुळात भावाचे सूत्र म्हणून जन्मली. १ दर्जाच्या नाण्याची किंमत ही मूळ किंमत. तिला दर्जाच्या आकड्याने गुणले की त्या नाण्याचा भाव निघतो, असा तो हिशेब. ७० दर्जाचे नाणे १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट!

६/ हे गणित थोड्याच वर्षांत कोसळले. बाजार सरळ रेषेत चालत नाही. उत्तम नाण्यांचे भाव गुणाकाराच्या कितीतरी पुढे धावले. सूत्र गेले, आकडे मात्र राहिले. आज प्लास्टिकच्या बंद डबीवर छापलेला तो आकडा आपण वैद्याच्या निदानासारखा वाचतो. प्रूफ नाण्याचा दर्जा ६० च्या खाली गेला की त्याला बिघडलेले प्रूफ म्हणतात. ‘बिघडलेले’ हा शब्द ऐकताच नवख्या माणसाच्या मनातला भाव धाडकन खाली येतो. नेमकी इथेच घाई नडते.

७/ माझ्या मते किंमतीचे दोन घटक वेगळे मोजायला हवेत. एक सालाची किंमत, दुसरी देखणेपणाची. १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोला पाडलेला डॉलर घ्या. तो विपुल आहे. झिजला तर त्याची किंमत चांदीच्या भावाच्या जवळपास येते, कारण त्यात सालाची किंमत जवळजवळ नाहीच. १८९५ च्या फिलाडेल्फिया डॉलरचे उलट आहे. मॉर्गन डॉलरांची मालिका पुरी करणाऱ्या प्रत्येकाच्या संग्रहात त्या एका जागी खळगा असतो, आणि तो खळगा दुसऱ्या कोणत्याही नाण्याने भरत नाही. म्हणून २० दर्जाचे नाणेही दहा-वीस हजार डॉलरांच्या पुढची बात करते. ६० दर्जाच्या नाण्याच्या एक तृतीयांशापेक्षा त्याची किंमत बरीच अधिक भरते. गुणाकार इथे साफ खोटा ठरतो.

८/ अर्थात भाव काढण्याआधी अस्सलपणा. न्यू ऑर्लिन्स आणि सॅन फ्रान्सिस्को येथेही १८९५ साली डॉलर पाडले गेले, लाखोंच्या संख्येने. त्यांच्या मागील बाजूस पुष्पमालेखाली ‘ओ’ किंवा ‘एस’ हे बारीक अक्षर असते. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर ते नसते. ते अक्षर खरवडून काढले की बनावट ‘दुर्मीळ’ नाणे तयार! चकाकी शाबूत असलेल्या नाण्यावर ही लबाडी पटकन उघडी पडते. झिजलेल्या नाण्यावर मात्र आरसा उरलेला नसतो, कडांची धार गेलेली असते. म्हणून खालच्या दर्जाच्या नाण्याला तज्ज्ञाच्या तपासणीची गरज अधिक असते. सालाचे आकडे कुठे बसले आहेत आणि अक्षराच्या जागी धातू कसा दिसतो, हे भिंगाखाली पाहावेच लागते.

९/ पुढची पायरी : झीज आणि इजा यांत भेद करणे. हाताळून आलेली सरळ झीज बाजार क्षमा करतो. नाण्याला कडी लावून गळ्यात घातले असेल, कोणी चिंच किंवा पावडर लावून घासले असेल, कडेला भोक पाडले असेल, तर ती इजा. एकाच आकड्याच्या दोन नाण्यांत यामुळे मोठी तफावत पडते. घासलेले नाणे झिजलेल्यापेक्षा नवे दिसते आणि कमी किमतीला जाते, हे नवशिक्याला पटवणे कठीण. पण सत्य तेच आहे.

१०/ तिसरी पायरी : लिलावांची तुलना. इथे दोन सावधगिऱ्या. छापून येणाऱ्या लिलावाच्या रकमेत बहुधा खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेले शुल्कही धरलेले असते. विकणाऱ्याच्या हाती येते ती रक्कम वेगळी. शिवाय दुर्मीळ नाण्याचे सौदे मोजके असतात. सभागृहात दोन हट्टी माणसे एकाच दिवशी आली तर भाव चढतो, एकच आला तर पडतो. म्हणून प्रामाणिक मूल्यांकन म्हणजे एक आकडा कधीच नसतो. ‘अमुक ते तमुक’ अशी मर्यादा असते, आणि तिच्यासोबत कारणे असतात. छातीठोकपणे एकच आकडा सांगणारा बहुधा स्वतः विकत घ्यायला आलेला असतो किंवा विकायला.

११/ आणखी एक उदाहरण. १८९४ साली सॅन फ्रान्सिस्कोला केवळ २४ डाइम, म्हणजे दहा सेंटांची नाणी, पाडली गेली. आज जेमतेम नऊ-दहा ठाऊक आहेत, आणि त्यांतली दोन अगदी गुळगुळीत. उत्तम अवस्थेतील एक डाइम २०१६ च्या लिलावात सुमारे २० लाख डॉलरना गेले. टांकसाळीच्या अधीक्षकाच्या लहान मुलीने एक डाइम आइस्क्रीमवर खर्च केले, अशी आख्यायिका आहे, आणि गुळगुळीत नाण्यांपैकी एकाला ती चिकटवली जाते. गोष्ट गोड आहे. तिला कागदाचा आधार मात्र नाही. विक्रेता अशा गोष्टीची किंमत लावतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तिचा एक पैसाही मोजू नये.

१२/ कोणी म्हणेल, ‘प्रूफ नाण्याचे सारे सार त्याच्या देखणेपणात, तेच गेले तर उरले काय?’ आक्षेपात तथ्य आहे. कलावस्तू म्हणून हे नाणे हरले, हे मी मान्य करतो, आणि ६५ दर्जाच्या नाण्याइतका भाव त्याला मिळावा असा माझा आग्रहही नाही. पण ते केवळ कलावस्तू नव्हते. ज्या सालाचे साधे नाणे एकही उरले नाही, त्या सालाचा डॉलर खरोखर लोकांच्या हातांतून फिरला, याची साक्ष फक्त ही झिजलेली प्रूफ नाणीच देतात. मखमलीच्या पेटीत जपलेले नाणे ती साक्ष देऊ शकत नाही.

१३/ आता ‘वितळवली गेली असावीत’ या तर्काकडे परत येऊ, कारण त्याचा धागा आपल्या दाराशी पोहोचतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून प्रचंड माल विकत घेतला गेला आणि मोबदल्यासाठी चांदीचे रुपये अपुरे पडू लागले. नोव्हेंबर १९१७ मध्ये सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. नोटांच्या बदल्यात चांदी मागणाऱ्यांची रीघ वाढली. तेव्हा अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि त्याखाली २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यांतील बहुतेक चांदी, सुमारे २० कोटी औंस, ब्रिटनमार्फत हिंदुस्थानासाठी आली आणि मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत तिचे रुपये पडले.

१४/ ते बारा हजार डॉलर खरोखर पाडले गेले असतील आणि या भट्टीत गेले असतील, तर त्यांची चांदी पंचम जॉर्जचे मुखचित्र असलेल्या एखाद्या रुपयात आजही असू शकेल, कदाचित तुमच्या पणजीच्या गाठोड्यातल्या. हे सिद्ध करता येणार नाही. वितळलेल्या चांदीला साल नसते. पण दुर्मीळता अमेरिकेत निर्माण झाली आणि तिचे एक कारण हिंदुस्थानच्या नाणेटंचाईत असू शकते, हे कोणत्याही भावपुस्तिकेत तुम्हाला वाचायला मिळणार नाही.

१५/ तरुण वाचकांना विनंती. घरात जुने नाणे सापडले तर ते घासू नका. ‘हे नाणे विका, लाखो मिळवा’ म्हणणाऱ्या चित्रफितींवर विसंबू नका. भारतात शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. म्हणून विदेशी लिलावाचा आकडा आपल्या नाण्याला लावणेही चूक. आणि कोणी भाव विचारला तर दोन ओळी स्वतंत्र लिहा. पहिलीत बाजारातील मर्यादा, कारणांसह. दुसरीत हे नाणे कशाचा पुरावा आहे ते. पहिली ओळ पुढच्या वर्षी बदलेल. दुसरी नीट लिहून ठेवली नाही, तर नाणे पुढच्या हाती जाताना तेवढी हरवेल.