लाईन गेल्यावरचे विषय

आमच्या होम सर्व्हरवाल्या गटात सध्या एकच चर्चा चालू आहे: पुढच्या सहा महिन्यांच्या बैठकांना विषय काय घ्यायचे? दहा-बारा डोकी. आठवडाभर हापिसात दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळतात आणि वीकांताला घरी बसून स्वतःचे. (घरचे लोक याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.) तर यादी आली. प्रॉक्समॉक्स. डॉकर की पॉडमॅन. झेडएफएस. घरच्या घरी कुबरनेटीस. इमिच विरुद्ध नेक्स्टक्लाउड. दहा गिगाबिटचं नेटवर्क.

यादी वाईट आहे असं नाही. पण नीट बघा, यात एकही प्रश्न नाही. सगळी नावं आहेत. अशा बैठकीत एक जण पडद्यावर काहीतरी चालवून दाखवतो, बाकीचे "भारीये" म्हणतात, मग चहा. प्रत्येक विषयामागे एक गृहीतकही आहे: वीज चोवीस तास, फायबर घरात, आणि मशीन हाताच्या अंतरावर. आपण पुण्यात राहतो म्हणून हे खपून जातं.

माझं घर मार्कंड्याजवळ आहे, गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात. वैनगंगेच्या काठावरची ती जुनी शिल्पांनी भरलेली मंदिरं फोटोत पाहिली असतील, तेच मार्कंडा. नदी तिथे उत्तरेकडे वळते आणि पलीकडे चंद्रपूर जिल्हा. आईबाबा तिथेच राहतात आणि माझा दुसरा सर्व्हरही तिथेच, कपाटावर. तो बसवला त्या दिवशी बाबांनी विचारलं, "लाईन गेली का हा डब्बा बंद. मंग याले सर्व्हर काऊन म्हणायचं?"

हा प्रश्न आमच्या यादीतल्या सगळ्या नावांपेक्षा मोठा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून माझी सूचना: विषयांची यादी मार्कंड्यातून बघून करावी.

पहिला विषय वीज. जुना डेस्कटॉप साधारण ६० वॅट खातो असं धरा. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे ४३ युनिट. रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड ५ वॅटवर चालला तर महिन्याला ३.६ युनिट. फरक फक्त बिलाचा नाही, लाईन गेल्यावर किती वेळ तग धरायचा त्याचा आहे. घरात १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी असते. कागदावर १८०० वॅट-तास, त्यातली निम्मीच वापरायची म्हटलं तर ९००. बोर्ड, डिस्क आणि राउटर मिळून २० वॅट धरले तर ४५ तास! पण इन्व्हर्टर स्वतःच त्यातला बराच वाटा खातो. १२ चे २३० करायचे आणि अडॅप्टरने परत १२ करायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? राउटर १२ व्होल्टवर चालत असेल तर थेट डीसी यूपीएसवर का नाही? आणि लाईन आल्यावर डेस्कटॉप आपणहून सुरू होतो का? बहुतेक मशीनच्या बायोसमध्ये त्याची सेटिंग असते, आणि बऱ्याचदा ती बंदच असते. पुण्यात उठून बटण दाबतो. तिथे बटण कोण दाबणार, आई?

याला जोडूनच आकाशातली वीज. मार्कंड्याच्या मंदिरावर फार पूर्वी वीज पडून पडझड झाली असं गावात सांगतात. आमच्याकडे मृगाच्या आधीची वादळं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे पटवावं लागत नाही. दोन घरांमध्ये तांब्याची लांब इथरनेट वायर टाकणं तिथे शहाणपणाचं नाही, फायबरची काच मात्र वीज वाहून नेत नाही. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला तर काय होतं? आमच्या गटात पंधरा वर्षं अनुभवाचे आर्किटेक्ट आहेत, पण यावर अर्धा तास बोलू शकेल असा कुणी नाही. मग गावातल्या वायरमनला बोलवावं. मी हे गमतीने म्हणत नाहीये.

नेटबद्दल थोडक्यात. मोबाईलच्या नेटवर आयपीव्ही४चा स्वतःचा सार्वजनिक पत्ता बहुधा मिळत नाही, हजारो लोक एकाच पत्त्यामागे असतात. त्यामुळे "राउटरवर पोर्ट उघडा" हा आपला नेहमीचा सल्ला तिथे निरुपयोगी. आयपीव्ही६ किंवा बाहेर एक छोटं भाड्याचं मशीन घेऊन वायरगार्डचा बोगदा, हे दोनच रस्ते नीट समजून घेतले तरी एक बैठक सत्कारणी लागेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेट नसताना काय चालतं ते. महाशिवरात्रीच्या जत्रेत गर्दी उसळते तेव्हा मोबाईलचं नेट असून नसल्यासारखं असतं. पण घरातल्या वायफायवर किविक्समधला मराठी विकिपीडिया उघडतो. होम सर्व्हरची खरी गंमत तिथे कळते, कारण पुण्यात तो क्लाउडची हौशी नक्कल आहे आणि तिथे त्याला पर्याय नाही.

आता बॅकअप, ज्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला बसलो. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, पिकासा २०१६ मध्ये गेलं, याहू ग्रुप्स २०२० च्या अखेरीस मिटलं. आपल्यापैकी बरेच जण त्या रागातूनच या छंदात आले. पण घर तरी कायमचं कुठे असतं? ऑगस्ट २०२० च्या शेवटी गोसीखुर्दचं पाणी सुटलं आणि वैनगंगाकाठच्या गावांना महापुराने गाठलं. कपाटावरचा डब्बा आणि शेजारी ठेवलेली त्याची बॅकअप डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात. आणि डब्ब्यात काय असतं? आमच्या भागात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र चालतात. वडसा हे त्यांचं मुख्य केंद्र. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. त्या नाटकांची, दंडारीची, भजनांची रेकॉर्डिंग लोकांच्या मोबाईलमधल्या कार्डांवर पडून आहेत. मोबाईल बदलला की कार्ड हरवतं. माझ्या आजोबांच्या आवाजातली भजनं अशीच एका मामाच्या फोनमधून काढून मी डब्ब्यात टाकली. ती दुसरीकडे कुठेच नाहीत.

दूरची प्रत हवीच. पण १ टीबी विदा १० एमबीपीएसच्या अपलोडवर चढवायला नऊ दिवसांहून जास्त लागतात, तेही लाईन एकदाही गेली नाही तर. तीच डिस्क पिशवीत घालून गडचिरोलीहून नागपूरला एसटीने पाठवली आणि प्रवासाला पाच तास धरले, तर वेग पडतो सुमारे ४४० एमबीपीएस. लाल डब्याला नावं ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा :) पहिली प्रत एसटीने, नंतरचे फक्त बदल नेटवरून. पण मग कूटबद्ध डिस्कची किल्ली कुणाकडे ठेवायची? परत आणलेली प्रत खरंच उघडते का, हे कोण आणि कधी तपासणार? यावर तर दोन बैठका लागतील.

गटातल्या एका मित्राचं म्हणणं, हे सगळं "फारच गावाकडचं" आहे, हौशी गटाने हौस करावी. हौसेला माझा विरोध नाही, मीही प्रॉक्समॉक्स चालवतो. पण हौशी गटांचा आद्य पूर्वज काय करत होता ते बघा. कॅलिफोर्नियातला होमब्रू कॉम्प्युटर क्लब मार्च १९७५ मध्ये एका गॅरेजमध्ये सुरू झाला. वॉझनियॅक तिथलाच. पुढे ली फेल्सेन्स्टाइन बैठका चालवायचा, आणि त्यांत एक वेळ राखलेली असे: ज्याच्याकडे काही आहे किंवा ज्याला काही हवंय त्याने उभं राहून तेवढंच सांगायचं. मग सगळे उठून ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याकडे जात. म्हणजे विषय त्या खोलीतल्या गरजेतून निघायचे.

इतकं लांब जायचीही गरज नाही. गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं. तिथे ग्रामसभेला अभ्यास गटाची जोड आहे. गावापुढचा प्रश्न घेऊन बसायचं, गरज पडली तर बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, आणि निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने करायचा. जंगल आणि सर्व्हर यांची तुलना कुणी करत नाहीये, ह. घ्या. पण बैठकीची रीत उचलायला काय हरकत आहे? आमच्याकडे उलटं चालतं. जाणकार आपला विषय घेऊन येतो आणि आम्ही त्याला साजेसा प्रश्न शोधत बसतो.

तेव्हा मी गटात ठेवलेला प्रस्ताव असा. प्रत्येकाने आपल्या किंवा आईवडिलांच्या घरातला एक अडलेला प्रश्न एका वाक्यात लिहून द्यायचा, त्यात सॉफ्टवेअरचं नाव नको. ज्याचा प्रश्न निवडला जाईल त्याने बैठकीत तो मांडायचा, उत्तर द्यायची सक्ती नाही. आणि तीन महिन्यांनी त्याच घरी काय झालं ते त्यानेच येऊन सांगायचं. डब्बा चालू आहे की बंद, एवढं कळलं तरी पुरे. दहा गिगाबिटवाल्यांना डिसेंबर दिला आहे, थंडीत त्यांच्या मशीनची ऊब बरी वाटेल.

चार जण तयार झाले, तिघे अजून रुसले आहेत. पहिला प्रश्न बाबांचाच घेतला. येताना घरच्या राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघून या. आणि कुणाकडे मल्टिमीटर असेल तर तोही आणा, माझ्याकडच्याचा सेल गेलाय.