खंडेनवमीची बंदूक

खंडेनवमीस लष्करातील जुन्या मराठी घरांतून शस्त्रपूजा होते. तलवार, कट्यार आणि कोठे एखादी दुनळी बंदूक पाटावर मांडून तिला गंध-फूल वाहतात. यंदा अशाच एका घरी प्रसाद घेत असता यजमानांनी तक्रार केली, "बंदूक आहे, परवाना आहे; पण काडतुसे मिळत नाहीत." ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या भागात हे गाऱ्हाणे आम्ही अनेकदा ऐकले आहे. तेव्हा त्याची कारणे थोडी तपासून पाहावीत, असे वाटले.

पहिले कारण कारखान्यांचे. नागरिकांच्या बंदुकांची काडतुसे आपल्याकडे दीर्घकाळ मुख्यतः सरकारी कारखान्यांतच होत आली. बारा बोअरचे 'शक्तिमान' काडतूस आपल्या पुण्याच्या खडकीचे; तो कारखाना १८६९ सालचा. .३१५ ची रायफल कोलकात्याजवळच्या ईशापूरची. सैन्याचा दारूगोळा प्रजेच्या हाती पडू नये, म्हणून इंग्रजी अमलापासून नागरिकांच्या रायफलीचे मापच निराळे ठेवले गेले. साहजिकच या मापाचे काडतूस बाहेर फारसे कोठे होत नाही. त्यातून सैन्याची गरज आधी. ती भागल्यावर दुकानदाराची पाळी. २०२१ साली या कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या आणि अलीकडे खासगी उद्योगांसही परवाने मिळू लागले आहेत, एवढा बदल खरा.

दुसरे कारण कायद्याचे. १८७८ चा शस्त्र कायदा प्रजेला निःशस्त्र ठेवण्यासाठी होता. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला, तरी परवाना, काडतुसांची मर्यादा आणि प्रत्येक खरेदीची नोंद राहिलीच. ऐंशीच्या दशकात परदेशी बंदुकांची व्यापारी आयातही बंद झाली. म्हणजे ही टंचाई काही अंशी हेतुपुरस्सर आहे, आणि ती सर्वस्वी वाईट आहे असे आम्हांस वाटत नाही.

तिसरे कारण माणसाच्या मनात आहे. अमेरिकेत कारखाने पुष्कळ आणि निर्बंध सैल. तरीही २०२० च्या महामारीत तेथील दुकानांतली काडतुसे संपली. भयापोटी एकाने दोन पेट्या घेतल्या की शेजारी चार घेतो. साखर आणि रॉकेलच्या रांगांत उभे राहिलेल्या आमच्या पिढीला हे समजावून सांगावयास नको.

आमच्या चंबळच्या मुलखात मात्र भयाच्या जोडीला मानही आहे. खांद्यावर बंदूक असणे ही येथे प्रतिष्ठा. म्हणूनच २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या पुरुषांना परवाना लवकर देण्याची योजना निघाली. २०१९ साली ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना मागणाऱ्यास दहा रोपे लावण्याची अट घातली. लोकांना कशाची ओढ आहे, हे प्रशासनाने अचूक हेरले होते!

आम्ही यजमानांना विचारले, "ही शेवटची केव्हा उडाली?" ते म्हणाले, "वडिलांच्या वेळी, शिकारीत." १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली. "मग काडतुसे कशाला?" जरा थांबून ते उत्तरले, "पुतण्याचे लग्न आहे मार्गशीर्षात. वरातीत चार बार काढावेत म्हणतो."

वरातीतल्या अशा बारांनी या भागात माणसे दगावली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. वारशाची बंदूकही त्यात धरली. इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या हर्षगोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. परंतु मांडवात पोलीस प्रत्येक वेळी कोठून येणार? तेथे घरच्या वडीलधाऱ्यांचाच शब्द चालला पाहिजे.

पूर्वजांच्या शस्त्राला खंडेनवमीस अवश्य फूल वाहावे. वरातीला सनई-चौघडा पुरे. तेवढ्यापुरती काडतुसांची टंचाई राहिली, तर त्यात कोणाचे काही बिघडत नाही.