टँकला भिंत असते!

टँकमध्ये ५ किलोमीटर मारले, म्हणून लगेच संक रॉक ते गेटवेचा फॉर्म भरताय? थांबा जरा. २५ मीटरच्या टँकमध्ये तेवढ्या अंतरात तुम्ही १९९ वेळा भिंतीला लाथ मारून फुकटचा वेग घेता. समुद्रात भिंत नाही, तळाची काळी रेघही नाही. दर आठ-दहा हातांनी डोकं वर काढून दिशा बघायची सवय आत्ताच लावा, नाहीतर अंतर उगाच वाढतं. भरती-ओहोटीच्या वेळा बघा. ओहोटीत किनाऱ्याकडे येताना हात मारूनही जागचं हलणं होत नाही. आणि एकट्याने सराव? अजिबात नाही. ‘मला येतं की पोहायला’ म्हणणाऱ्यांचीच मला जास्त धास्ती वाटते. सोबत होडी आणि पाणी ओळखणारा माणूस नसेल, तर त्या दिवशी टँकच बरा.