बशीवरचे मानचिन्ह कोणाचे?

इंग्लंडमधील जुन्या वस्तूंच्या बाजारात लष्करी पलटणींसाठी घडविलेल्या आयर्नस्टोनच्या भांड्यांना मोठा मान आहे. काठाला निळी-तांबडी वेलबुट्टी, मध्यभागी पलटणीचा क्रमांक वा मानचिन्ह आणि मागे कारखान्याचा शिक्का एवढे असले की दर्दी ग्राहक हवी ती किंमत मोजतो. आपल्याही काही कुटुंबांत अशी बशी दिवाणखान्यात मांडून ‘आमचे पूर्वज याच फौजेत होते’ असे अभिमानाने सांगितले जाते. बंधुभगिनींनो, या अभिमानाला आमचा विरोध आहे.

हे भांडे कोणासाठी घडले? स्टॅफर्डशायरमधील चार्ल्स जेम्स मेसन याने १८१३ साली या मृत्पात्रांचे पेटंट घेतले. पोर्सेलीनसारखे रूप, परंतु किंमत कमी आणि दणकटपणा अधिक! गाड्यांतून, जहाजांतून फिरणाऱ्या मेसला असेच भांडे हवे होते. पण ती मेस गोऱ्या अधिकाऱ्यांची होती. एकोणिसाव्या शतकात मुंबई फौजेतील हिंदी सुभेदाराने कितीही लढाया गाजवल्या, तरी त्या मेजावर त्याला आसन नव्हते. मग शिपायाची काय कथा!

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी धारातीर्थी पडलेल्या महार शिपायांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. त्या लढाईचा सन्मान पलटणीला मिळाला. महारांना मात्र १८९२ च्या सुमारास भरतीचे दार बंद झाले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांना भारतमंत्र्यांकडे अर्ज करून तो हक्क पुन्हा मागावा लागला.

वैद्यकीय व्यवसायामुळे आम्हांस या बशीची आणखी एक बाजू दिसते. त्या काळच्या झिलईत शिसे असे आणि मातीत गारेची पूड. शिशाने कामगारांचे हातपाय लुळे पडत, धुळीने फुप्फुसे निकामी होत. स्टॅफर्डशायरमधील डॉ. जॉन आर्लिज यांनी व्यवसायजन्य रोगांवरील आपला ग्रंथ १८९२ सालीच प्रसिद्ध केला. बशीच्या पाठीवर मालकाचा शिक्का आहे; तिला झिलई देणाऱ्या हातांची खूण कोठेही नाही.

कोणी म्हणेल, निर्जीव भांड्यावर एवढा रोष कशाला? कारागिरीचे कौतुक आम्हीही करतो. परंतु ज्या समाजाला पाणी वरून ओतले गेले, ज्याचा पेला घराबाहेर ठेवला गेला, त्याला भांडे कधीच निर्जीव नव्हते. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभाला अभिवादन केले आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. आपला वारसा त्या स्तंभावरील नावांत आणि त्या ओंजळीत आहे.

म्हणून बशी घ्यायची तर खुशाल घ्यावी. पण तिच्यावर कोण जेवले, ती कोणी घडवली आणि त्या मेजापासून कोणाला दूर ठेवले, हे मुलांना सांगावे. आणि काचेच्या कपाटातली मानाची जागा आजोबांच्या नोकरीच्या कागदांना, पदकाला, जीर्ण पत्रांना द्यावी. बाजारात त्यांना मोल नसेल. आपल्या मुलांना त्यांतूनच आपण कोण, हे कळणार आहे.

जय भीम!