कविता मुलाची की काकांची?

तिसरी-चौथीतील मुलास शाळेतून "पावसावर चार ओळी लिहून आणा" असा गृहपाठ मिळाला, की सुशिक्षित एकत्र कुटुंबात जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते. आजोबांस त्यांची शिखरिणी आठवते, आत्याबाई यमके जुळवू लागतात, काका कपाटातील जुनी मासिके धुंडाळतात. आणि ज्यास गृहपाठ मिळाला तो चिरंजीव अंगणात गोट्या खेळत असतो. रात्री सर्व सिद्धता झाली म्हणजे त्यास हाक मारावयाची, सुवाच्य अक्षरात कविता उतरवून घ्यावयास लावावयाची, आणि दुसऱ्या दिवशी त्यास वर्गात शाबासकी मिळाली की सर्वांनी कृतकृत्य व्हावयाचे! अलीकडे तर एवढाही खटाटोप उरलेला नाही. फोनला विषय सांगितला की कृत्रिम बुद्धीचे यंत्र क्षणार्धात बारा ओळी यमकांसह हजर करते. आजोबा, आत्या व काका या तिघांसही त्याने एकदमच निवृत्त केले. चिरंजीव मात्र अद्याप गोट्याच खेळत आहे.

हा प्रकार पूर्वी वहीच्या आड झाकलेला असे. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, वर्ग फोनच्या पडद्यावर भरू लागले, आणि तो उघड्यावर आला. खेड्यापाड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा शाळेत भरावयास २०२१ चा डिसेंबर उजाडावा लागला. त्या अवधीत आमच्या पालमसारख्या गावी एका फोनवर दोन-तीन भावंडांचे शिक्षण चाले, आणि ज्या घरी फोन नव्हता तेथील मुले शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसत. गुरुजींनी "बाळ, तुझी कविता म्हण" असे म्हणताच पडद्याच्या कडेला काकांचा अर्धा चेहरा दिसू लागे, आणि मुलाच्या आधी अर्धा शब्द काकांच्या मुखातून ऐकू येई. मुले हसत, गुरुजी बिचारे संकोचाने काही बोलत नसत.

२०२१ च्या एप्रिलात, दुसऱ्या लाटेच्या दिवसांत घडलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या शेजारच्या वाड्यातील तिसरीच्या एका विद्यार्थ्यास 'नदी' हा विषय आला होता. आता पालमच्या मुलास नदी म्हणजे लेंडी. पावसाळ्यात तिला पूर आला की पलीकडील गावांचा संपर्क तुटतो, आणि चैत्र-वैशाखात पाहावे तो पात्रात नुसते गोटे. परंतु घरातील मंडळींनी त्यास जी कविता करून दिली तीत नदी 'झुळझुळ' वाहत होती, तीरावर हरिणे होती आणि एक राजहंसही होता. मुलाने ती बिनचूक म्हटली. सायंकाळी तो आमच्या ओसरीवर आला असता मी त्यास सहज विचारले, "काय रे, तुझी नदी कशी आहे?" तो क्षणभर थांबला व म्हणाला, "नदी गेली गावाला, पूल राहिला घरी."

या दोन चरणांवर मी त्या रात्री पुष्कळ वेळ विचार करीत होतो. निर्जीव वस्तूवर सजीवाच्या गुणांचा आरोप केला म्हणजे चेतनगुणोक्ती होते, हे आम्ही वरच्या इयत्तांत पाने भरभरून शिकवितो व परीक्षेत पाच गुणांस विचारतो. या मुलाने तो अलंकार नाव न जाणता सिद्ध केला. पण अलंकार ही त्यातील दुय्यम गोष्ट. दरसाल सुट्टी लागली की हा मुलगा आजोळी जात असे. टाळेबंदीमुळे सलग दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचे जाणे राहिले होते, हे मला ठाऊक होते. तेव्हा पूल म्हणजे कोण, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. घरी ही ओळ कळली तेव्हा एकजण म्हणाले, "यात यमक कोठे आहे?" दुसरे म्हणाले, "गावाला गेली ही काय भाषा झाली?" आणि ती ओळ वहीत उतरली नाही. शाळेकडे राजहंसच गेला.

माझे भांडण आहे ते एवढ्यापुरतेच. त्या मुलास कोणास काही सांगावयाचे होते. ते सांगण्याची एक वाट त्यास कवितेच्या निमित्ताने सापडली होती, आणि घरातल्या प्रेमळ माणसांनीच, केवळ कौतुकाच्या हौसेने, ती बुजविली. मुलाने यातून शिकावयाचे काय? आपले शब्द बाहेर दाखविण्याजोगे नसतात, एवढेच. असा मुलगा पुढे वर्गात हात वर करीत नाही. तो अबोल आहे, लाजाळू आहे, असे आपण पाहुण्यांस सांगतो.

"मग वृत्त, यमक, शुद्धलेखन हे सर्व व्यर्थच काय?" असे कोणी विचारील. आयुष्यभर यमाताराजभानसलगं घोकविलेल्या माणसाकडून तसे विधान होणे शक्य नाही. बंधनातही मोठी मौज असते, हे आपल्या पूर्वजांनी दाखविलेच आहे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त सातव्या उच्छ्वासातील मंत्रगुप्त ओठ दुखावल्यामुळे (कसे दुखावले, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही) सबंध कथा ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. आणि आमच्या मोरोपंतांनी १०८ रामायणे रचताना त्यांत एक निरोष्ठही करून ठेविले. हा खेळ घरी मुलांशी अवश्य खेळून पाहावा. प, फ, ब, भ, म वर्ज्य केले की मामा, बाबा, भाऊ यांपैकी कोणासच हाक मारता येत नाही, आणि मुले हसून लोळू लागतात. भेंड्या आहेत, समस्यापूर्ती आहे. परंतु हे खेळ म्हणून असावे. गण मोजता येत नाहीत तोवर बोलावयाचे नाही, असा दंडक घालू नये. मूल चालू लागते तेव्हा आपण त्यास नमस्काराची पद्धत आधी शिकवीत नाही.

न्यूयॉर्क शहरातील एका सार्वजनिक प्राथमिक शाळेत १९६८ साली केनेथ कोक नावाच्या कवीने मुलांकडून कविता लिहवून घेण्यास आरंभ केला, व त्या अनुभवाचे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध केले. त्याची युक्ती साधी होती. यमकाची सक्ती नाही. ओळीचा आरंभ तेवढा सर्वांस सारखा द्यावयाचा. "मला वाटते, मी…" असा आरंभ दिला की प्रत्येकाने आपापली ओळ पुरी करावयाची, आणि सर्वांच्या ओळी एकत्र वाचल्या की वर्गाची कविता होते. "पूर्वी मी… होतो, पण आता…" हा त्याचा दुसरा आरंभ. मराठीत हे दोन्ही उत्तम चालतात. मी चालवून पाहिले आहेत. पडद्यावर भरणाऱ्या वर्गास तर ही रीत फारच सोयीची. प्रत्येकाचा वाटा एका ओळीचा, त्यामुळे अबोल मुलासही पाळी चुकविता येत नाही, आणि एका ओळीसाठी काकांस बोलावणेही कोणास सुचत नाही.

यंत्राशी माझे वैर आहे असा मात्र कोणी ग्रह करून घेऊ नये. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांस २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत घालून मुलांस कविता ऐकण्याची व धडे पाहण्याची सोय केल्याबद्दलही होता. (दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली.) बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात. आजोबांनी नातवंडांस मांडीवर घेऊन ते वाचावे. यंत्राचा हा उपयोग कोणास नको आहे?

घरातील वडीलधाऱ्यांचे काम काय, याचे उदाहरण आपल्या मराठीतच आहे. बहिणाबाई चौधरींस लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरकामात, जात्यावर त्या बोलत गेल्या, आणि पुत्र सोपानदेव व घरचे आप्त यांनी ते टिपून ठेविले. १९५१ साली त्या निवर्तल्या; पुढील वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची कविता प्रसिद्ध झाली. सोपानदेव स्वतः कवी होते. आईचे बोल नागर मराठीत बसवून देण्याची विद्या त्यांच्या अंगी होतीच. त्यांनी ती येथे वापरली नाही. खानदेशातील बोली जशी ऐकिली तशी राहू दिली, म्हणूनच ती आज सर्व महाराष्ट्रास आपली वाटते. इकडे आमच्या शेजारचे गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मस्थान. दासीचे काम करणाऱ्या त्या बाईंनी दळणकांडण सोडून निराळा विषय शोधला नाही, आणि गेल्या काही दशकांत खेड्यापाड्यांतील बायकांच्या ज्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संग्राहकांनी मिळविल्या, त्यांतील विषयही घर, माहेर आणि भाऊ हेच. असा वारसा असता पालमच्या मुलाने राजहंस का आणावा? "ऊन लई लागतंय" असे तो म्हणाला, तर तेथे "प्रखर आतप" घालणे म्हणजे त्याचे ऊनच काढून घेणे होय.

तेव्हा घरोघरी एवढे करून पाहावे. वर्ग पडद्यावर असेल त्या वेळी फोन मुलासमोर नीट उभा करून द्यावा आणि सर्वांनी माजघरात निघून जावे. काकांनी तर अंगणातच जावे. कविता पाठवावयाची असल्यास मुलाच्या अक्षरातील कागदाचेच छायाचित्र पाठवावे, ऱ्हस्व-दीर्घ चुकले असले तरी. ते गुरुजी पुढे सावकाश सुधारतील. त्यासाठीच त्यांस वेतन मिळते. मूल ओळ म्हणून दाखवील तेव्हा आधी दुसऱ्यांदा म्हणावयास सांगावे. लिहिता येत नसेल इतके लहान असल्यास ते बोलेल तसे टिपून घ्यावे व कागदावर तारीख घालून ठेवावी. आणि आजोबांनी आपली शिखरिणी निराळ्या कागदावर, स्वतःच्या नावाने, या मासिकाकडे पाठवावी. संपादक तिचा योग्य तो विचार करतील.